बिनअक्षराची

बाहेर उणे चौतीस.
त्याने डिस्क काउंटरवर ठेवली तेव्हा
तिच्यावर आधी पांढरं दहिवर धरलं, मग थेंब.
लावू नका, मी म्हटलं, हात काढा.
गारठलेलं करडू कुणी एकदम शेगडीवर धरतं का?
तास-दीड तास बसावं लागेल.

तो बसला. नारानतूल बाजाराच्या मागे
माझं दुकान म्हणजे अर्धा कंटेनर,
कोळशाची शेगडी, बावीस मेलेले लॅपटॉप
आणि टेमुलेन, जो स्क्रू हरवायचा पगार घेतो.
मिठाचा चहा ओतला. दोनशे किलोमीटरवरून आलेला,
गुरांचा डॉक्टर. कॉम्प्युटरचा डबाही सोबत,
नमद्यात गुंडाळलेला. डिस्कमध्ये
सात वर्षांच्या लसी: कुठल्या कळपाला, कुठल्या दिवशी,
कुठली मेंढी टोचल्यावर तासाभरात गेली.
"मंगळवारपर्यंत दिसत होती.
आता हा विचारतो, कोण?"

पाणी सुकलं.
केबल बदलली. नाही.
पुढचं भोक सोडून मागच्यात घातली;
पुढची भोकं अर्धपोटी असतात, वीज पुरती पोचत नाही.
नाही.
मग कानाला लावली.
टकटक ऐकू आली असती
तर मी चहा खाली ठेवला असता
आणि त्याच्याकडे न बघता बोलले असते.
टकटक नव्हती. आत चकती फिरत होती,
शेजारच्या तंबूत कुणी दूध घुसळतंय
इतपत.

डबा पुन्हा चालू केला.
विंडोज डोळे चोळत असतं, त्याच्याही आधीच्या पडद्यावर
ती होती. कंपनी, आकार, नंबर.
म्हणजे उंबऱ्यापर्यंत आलेली.
आत मात्र सी, डी, ई, सगळे आपापल्या जागी
आणि पाहुणीचा पत्ता नाही.

"नाव काय तुमचं?" पावतीसाठी विचारलं.
"नेरगुई."
टेमुलेन हसला. मी त्याच्या पायावर पाय दिला.
नेरगुई म्हणजे बिननावाचा.
"माझ्याआधी दोघं गेले," डॉक्टर म्हणाला,
"मग आईने ठरवलं, याला नावच नको.
मरण दारात येईल, पण हाक कुणाला मारेल?
त्रेपन्न वर्षं झाली. अजून घर चुकतंय त्याचं."

मी डिस्क मॅनेजमेंट उघडलं.
सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत, ती.
निळी पट्टी. धडधाकट. भरलेली.
फक्त अक्षर नव्हतं.
ऑफिसवाल्यांनी मागच्या आठवड्यात
नेटवर्कची एक ड्राइव्ह जोडून दिली होती,
तिने ई बळकावली,
आणि ही बाहेर उभी, न भांडता.

"मग राहू दे की तशीच," तो म्हणाला. "जगेल."
डॉक्टर, मी म्हटलं, हा काही न्यायला आलेला नाही.
याला नाव सांगितलं नाही
तर हा नुसता तोंड फिरवतो.

मी उभ्या जन्मात गिऱ्हाइकांना नावं ठेवली,
टेमुलेनला तर जेवणाआधी रोज.
तरी त्या यादीवर हात थांबला.
कुठलं देऊ?
त्याने चष्मा वर केला, अक्षरांवरून बोट फिरवलं,
दात तपासावेत तसं.
"कुणाला नको असेल ते."

क्यू दिलं.

फोल्डर उघडले. एक उघडला नाही,
चार वर्षांपूर्वीचा वसंत.
दोनदा प्रयत्न केला. तो म्हणाला, "तो राहू द्या,
त्या वर्षी टोचायला फारसं उरलंच नव्हतं."
मी आणखी काही विचारलं नाही.

दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवून दिलं,
वर बजावलं, एकावर विसंबू नका.
एक त्याने पिशवीत टाकली,
एक देलच्या आत छातीशी सरकवली,
वर पट्टा आवळला.

"बिघाड काय लिहू?" टेमुलेनने विचारलं.
रकाना मोकळा सोड.

दार उघडलं, थंडी आत घुसली,
सगळ्या पडद्यांवर वाफ धरली.
डबा होता तिथे, नमद्याच्या धाग्यांत,
टेमुलेनला एक स्क्रू सापडला.
कशाचा, ते दोघांनाही कळेना.